जनावरांच्या दवाखान्यात नवी रीत



जनावरांचा दवाखाना म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम डॉक्टरसाहेब येतात. परंतु दवाखान्याच्या आवारात घटकाभर उभे राहून पाहा. गाय खोड्यात घेणारा माणूस वेगळा असतो. जखम धुऊन पट्टी बांधणारा वेगळा असतो. लसीच्या बाटल्या मोजून थंड पेटीत ठेवणारा, केसपेपर लिहिणारा, डॉक्टर दौऱ्यावर असताना दारात आलेल्या शेतकऱ्याला धीर देणारा, ही सगळी निरनिराळी माणसे असतात. कुणी परिचर, कुणी व्रणोपचारक, कुणी पशुधन पर्यवेक्षक. इंग्लंडात या कामासाठी 1961 साली रीतसर शिक्षण सुरू झाले, आणि पुढे त्या लोकांना पशुवैद्यकीय नर्स म्हणू लागले. आपल्याकडे गुरांच्या दवाखान्यात नर्स हा शब्द काही रुळला नाही. काम मात्र तेच आहे, मुक्या जिवाची शुश्रूषा.

आज या मंडळींविषयी बोलावयाचे आहे. त्यातही एका अडचणीच्या प्रश्नाविषयी. दवाखान्यात काम करण्याची नवी रीत येते तेव्हा काय होते? ती कधी कागदावरच का राहते, आणि कधी हातात कशी उतरते? मी पशुवैद्य नव्हे. समाजशास्त्र शिकवतो, माणसे एकत्र काम कशी करतात हा माझ्या अभ्यासाचा विषय. पण तुम्ही म्हणाल, दवाखान्यातल्या लोकांचे आपसांतले काम, त्याच्याशी आमचा काय संबंध? संबंध असा, की म्हैस तुमची आहे. त्यांच्या कामाची घडी विस्कटली तर नुकसान तुमच्या गोठ्यात होते.

प्रथम हे पाहू, की बदल आले तरी किती. सातारा आणि सांगली हे जुन्या काळचे एकच कुटुंब. 1949 साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि 1960 मध्ये त्याला सांगली जिल्हा हे नाव मिळाले. माण-खटाव आणि आटपाडी-जत या कोरड्या भागात खिलार जनावर. कृष्णाकाठी, वाळवा-पलूस-मिरजेकडे दुधाच्या म्हशी आणि संकरित गाई. 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा आल्या आणि खेड्यापाड्यांतले बरेचसे दवाखाने त्यांच्याकडे गेले. 1988 साली शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय निघाले. त्याला क्रांतिसिंह नाना पाटलांचे नाव आहे.

आता कामाचेच पाहा. बुळकांडी हा शब्द आजच्या मुलांना ठाऊक नसेल, परंतु त्यांच्या पणज्याला तो ऐकून कापरे भरत असे. गोठेच्या गोठे ओस पाडणारा हा रोग. 1954 पासून देशभर त्याविरुद्ध मोहीम चालली. वर्षानुवर्षे कर्मचाऱ्यांना एकच गोष्ट सांगितली जाई: लस टोचा. आणि मग रोग हटत आल्यावर उलटाच हुकूम आला. लस टोचणे थांबवा, गावोगाव हिंडून रोगाची लक्षणे शोधा! ज्या हातांनी आयुष्यभर सुई धरली त्यांना हे चमत्कारिक वाटले तर नवल नाही. पण त्यामागे कारण होते. जनावराच्या रक्तात रोगाशी लढणारे द्रव्य सापडले, तर ते लसीमुळे आले की रोगामुळे, हे लस चालू असताना कळणार कसे? रोग खरोखर गेला हे सिद्ध करायचे तर लस थांबवणे भागच होते. 1995 नंतर भारतात बुळकांडी दिसली नाही. 2006 मध्ये देश आणि 2011 मध्ये सारे जग त्या रोगातून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. कारण समजले की उलटा वाटणारा हुकूमही सुलटा वाटतो, हे या गोष्टीवरून लक्षात ठेवा.

दुसरा बदल कृत्रिम रेतनाचा. पूर्वी थंड ठेवलेले पातळ वीर्य दोन-तीन दिवसांत वापरावे लागे. पुढे उणे 196 अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवलेली गोठीत रेतमात्रा आली, ती वर्षानुवर्षे टिकते. पण ती बाहेर काढून 37 अंश कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरायची, तापमापक पाहायचा, घड्याळ पाहायचे, ही नवी शिस्त हाताला लावावी लागली. हल्ली लिंगनिर्धारित रेतमात्रा मिळते. तिच्यामुळे गाभण राहिलेल्या गाईंना शंभरात नव्वदच्या आसपास कालवडीच होतात. ती महाग, म्हणून हात आणखी जपून चालवावा लागतो.

मग 2022 साल. ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातून लम्पी चर्मरोगाची बातमी आली आणि बघता बघता रोग राज्यभर पसरला. जनावरांचे बाजार बंद झाले. शेळ्यांच्या देवीची लस गाईबैलांना टोचण्याची मोहीम निघाली. आणि आता कानातला बिल्ला! बारा आकडी क्रमांकाचा पिवळा बिल्ला, आणि त्या क्रमांकावर मोबाईलमध्ये नोंद. 1 जून 2024 पासून बिल्ला नसलेल्या जनावराच्या बाजारातील खरेदीविक्रीला राज्यात बंदी घालण्यात आली. म्हणजे जाड नोंदवहीच्या जागी भ्रमणध्वनी आला. टाक-दौतीच्या काळापासून चालत आलेली सवय दोन-चार वर्षांत बदला, असे हे सांगणे आहे.

इतके बदल झाले की कुरकुर होणारच. आपण चटकन म्हणतो, “ही माणसं आळशी आहेत, जुन्या वळणाची आहेत.” हे निदान चुकीचे आहे. ताप हा रोग नव्हे, रोगाचे लक्षण आहे, तशीच कुरकुर. तिच्या मुळाशी बहुधा तीन कारणे सापडतात.

पहिले, हाताची सवय. वीस वर्षे जनावर धरणाऱ्या परिचराचे ज्ञान त्याच्या बोटांत असते. कोणती म्हैस लाथ मारील, हे तो तिच्या कानांवरून ओळखतो. नवी रीत आली की काही काळ हा कसलेला माणूस नवशिका होतो, आणि तोही चारचौघांत. मिशा पिकलेल्या माणसाला काल नोकरीला लागलेल्या पोराकडून मोबाईल शिकणे जड जाते. त्याला आपण आडमुठेपणा म्हणतो, पण ती लाज असते.

दुसरे, हद्दीची धास्ती. कोणते काम कुणाचे? 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याने उपचाराचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकाला दिला. लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी अशा प्राथमिक सेवा पदविका किंवा प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाने पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली कराव्यात, अशी मुभा राज्य सरकारला देता येते. कायदा स्पष्ट आहे, परंतु गोठ्यात वेळ अवघड असते. नवी रीत आली की प्रत्येकाच्या मनात येते, “माझं काम जाणार का? की दुसऱ्याचं काम माझ्या गळ्यात पडणार?” याचे उत्तर कुणी दिले नाही, तर माणूस पाऊल मागे घेतो.

तिसरे कारण अगदी साधे. नवे काम येते पण जुने जात नाही. मोबाईलवर नोंद करा, वहीतही लिहा, शिवाय महिन्याचा तक्ताही भरा. दिवसाचे तास मात्र तेवढेच! मग माणूस काय करतो? जे तपासले जाते ते करतो आणि जे तपासले जात नाही ते सोडून देतो.

या बाबतीत परदेशातला एक प्रयोग सांगण्याजोगा आहे. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात मॅरियन गावी हारवुड नावाचा कपडे शिवण्याचा कारखाना होता. तिथल्या कामात वारंवार थोडेथोडे बदल करावे लागत आणि दर वेळी कामगार नाराज होत. कॉक आणि फ्रेंच या दोघा अभ्यासकांनी कामगारांचे वेगवेगळे गट केले. एका गटाला बदल नुसता समजावून सांगितला, मत विचारले नाही. त्यांचे काम घसरले, आणि पहिल्या 40 दिवसांत शंभरातले 17 जण नोकरी सोडून गेले. दुसऱ्या प्रकारच्या गटांतल्या सर्वांना एकत्र बसवून अडचण मांडली, आणि नवी रीत कशी बसवावी हे त्यांच्याकडूनच ठरवून घेतले. त्यांतला एकही गेला नाही, आणि त्यांचे काम पूर्वीपेक्षा सुमारे 14 टक्क्यांनी वाढले. ही हकीकत 1948 साली प्रसिद्ध झाली. माणसे तशीच, यंत्रे तीच, बदलही जवळपास तसाच. फरक होता तो एवढाच, की एका ठिकाणी विचारले आणि दुसऱ्या ठिकाणी विचारले नाही.

आता हे आपल्या मुलखात आणू. समजा, खटाव तालुक्यातला एक दवाखाना आहे. एक डॉक्टर, एक पर्यवेक्षक, एक व्रणोपचारक, एक परिचर. या चौघांनी नवी रीत कशी बसवावी?

पहिले उदाहरण हातमोज्यांचे घेऊ. म्हैस व्याली आणि वार अडकली, तर उघड्या हाताने वार काढण्याची जुनी सवय आहे. शेतकरीही तेच करतो. परंतु सांसर्गिक गर्भपाताचे, म्हणजे ब्रुसेलोसिसचे जंतू अशा वारेत असू शकतात आणि ते माणसाला बाधतात. पुन्हा पुन्हा येणारा ताप, सांधेदुखी, अशक्तपणा मागे लागतो. त्याहून भयंकर गोष्ट पिसाळलेल्या जनावराची. गाय लाळ गाळते, तिला गिळता येत नाही; बघणाऱ्याला वाटते, घशात काही अडकले. हात घालून पाहतात, आणि ती गाय रेबीजची असेल तर लाळेतून मृत्यू हाताला चिकटतो. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस वाचत नाही, म्हणूनच संशय येताच हात साबणाने भरपूर धुऊन त्याच दिवशी माणसांच्या दवाखान्यात लस घ्यावी लागते.

तेव्हा ‘हातमोजे घालणे सक्तीचे आहे’ असा कागद भिंतीवर लावून काय साधेल? त्यापेक्षा डॉक्टरांनी चौघांना बसवून हे कारण सांगावे. मग विचारावे, “मोजे घालायला अडचण काय येते?” परिचर म्हणेल, “साहेब, मोजे कपाटात, किल्ली तुमच्या खिशात. जनावर तळमळत असताना किल्ली शोधायची कुणी?” पाहा, आळस कुठे होता? अडचण किल्लीची होती. मोज्यांची पेटी खोड्याजवळच्या खुंटीला टांगली की निम्मे काम झाले. हे डॉक्टरांना खुर्चीवर बसून सुचले नसते. ज्याच्या हातात काम, त्याच्याच डोळ्यांना अडचण दिसते.

दुसरे उदाहरण सुईचे. लम्पीच्या लसीकरणात प्रत्येक जनावराला नवी सुई घ्या, असे सांगितले गेले. कारण एका जनावराचे रक्त सुईवाटे दुसऱ्यात जाऊ नये. ऐकायला सोपे आहे. पण एका वस्तीवर पन्नास जनावरे, ऊन चढलेले, बैल धरायला दोनच माणसे. अशा वेळी सुई बदलण्याचा क्षण नेमका चुकतो. इथे उपदेश करण्यापेक्षा कामाची वाटणी करावी. टोचणारा फक्त टोचील. दुसरा त्याच्या हातात नवी सुई देईल आणि जुनी डब्यात टाकील. तिसरा क्रमांक नोंदवील. निघताना सुया मोजून घ्याव्यात आणि परतल्यावर डब्यातल्या पुन्हा मोजाव्यात. जनावरे पन्नास तर सुया पन्नास. हिशेब जुळला तर काम चोख.

तिसरे उदाहरण मोबाईलच्या नोंदीचे. पाटणच्या डोंगरात किंवा जतच्या टोकाला रेंज सापडेलच असे नाही. मग गोठ्यात उभे राहून नोंद करा, असा हट्ट धरून काय उपयोग? एक पंधरवडा एकाच गावात प्रयोग करून पाहावा. बिल्ल्याचा क्रमांक आणि मालकाचे नाव गोठ्यात छोट्या वहीत टिपावे, दवाखान्यात येऊन संध्याकाळी मोबाईलमध्ये भरावे. पंधरा दिवसांनी चौघांनी बसून पाहावे: किती नोंदी राहिल्या, कुठे आकडा चुकला, वेळ किती गेला. मग रीत पक्की करावी. आणि नवे काम सुरू करताना वरिष्ठांना विचारावे, की जुन्या नोंदींपैकी कोणती आता बंद करता येईल. एक ओझे चढवताना दुसरे उतरवले पाहिजे, हे बैलगाडी हाकणाऱ्याला सांगावे लागत नाही.

या सगळ्यांत वयाने मोठ्या माणसाचा मान राखायला विसरू नये. तरुण पर्यवेक्षकाने परिचराला मोबाईल शिकवावा आणि परिचराने त्याला जनावर धरायला शिकवावे. दोघेही एकमेकांचे गुरू झाले की कमीपणा उरत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ ही रीत याच मातीत रुजवली. हाताने करता करता शिकणे आपल्याला परके नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे सांगतो. लाळ्या-खुरकूताची लस 2 ते 8 अंशांत ठेवावी लागते. ती तापली तर बिघडते, गोठली तरी बिघडते. बिघडलेली लस पाहून ओळखता येईलच असे नाही. समजा, रात्री वीज गेली. सकाळी परिचर आला, त्याने शीतकपाट उघडले. आतला बर्फ वितळलेला, तापमापकाचा पारा चढलेला. त्याच्यापुढे दोन वाटा असतात. डॉक्टरांना सांगावे, किंवा कपाटाचे दार लावून गप्प बसावे.

तो कोणती वाट धरील, हे त्या सकाळी ठरत नाही. ते आधीच ठरलेले असते. मागे कधी त्याने अशीच चूक सांगितली तेव्हा त्याला सर्वांदेखत झापले असेल, लस वाया गेल्याचे खापर त्याच्यावर फोडले असेल, तर तो गप्प बसेल. मग ती लस गावभर टोचली जाईल. कागदावर लसीकरण शंभर टक्के, आणि जनावरांच्या अंगात संरक्षण शून्य. पुढे लाळ्या-खुरकूत आला म्हणजे शेतकरी म्हणतो, “लस टोचूनसुद्धा रोग आला. कशाला टोचायची?” एका माणसाच्या मौनाची किंमत साऱ्या गावाने मोजली, आणि विश्वास गेला तो वेगळाच.

म्हणून नवी रीत बसली की नाही, याची एकच खरी परीक्षा आहे. दवाखान्यातला सर्वांत धाकट्या पदाचा माणूस सर्वांत मोठ्या पदाच्या माणसाला न भिता ‘हे चुकले’ असे सांगू शकतो का? सांगू शकत असेल, तर नवी रीत आज ना उद्या बसेल. सांगू शकत नसेल, तर कितीही परिपत्रके काढा, वहीतले आकडे तेवढे सुधारतील.

आता तुमचे काम. शेतकरी बंधूंनो आणि मायबहिणींनो, गोठा तुमचा आहे, तेव्हा या चमूतले पाचवे माणूस तुम्ही आहात. लसीकरणाच्या दिवशी जनावरे रानात न सोडता बांधून ठेवा आणि स्वतः धरायला उभे राहा. बिल्ल्याचे क्रमांक घरच्या वहीत लिहून ठेवा. बिल्ला पडला तर लगेच कळवा. कर्मचारी सुई बदलत असेल, हातमोजे घालत असेल, तर “किती वेळ लावता हो!” असे म्हणू नका. तो वेळ तुमच्याच जनावरासाठी जातो. लस बर्फात ठेवली आहे का, हे खुशाल विचारा. पण विचारताना आवाज चढवू नका. गाभडलेल्या जनावराची वार उघड्या हाताने काढू नका. अडीअडचणीला 1962 हा फुकट फोनचा क्रमांक आहे, तो पाठ करून ठेवा. आणि ग्रामसभेत बसाल तेव्हा दवाखान्याला खोडा, पाणी आणि वीज धड आहे का, एवढे विचारा. ज्या दवाखान्यात हात धुवायला पाणी नाही, तिथल्या माणसाला स्वच्छतेची नवी रीत कोणत्या तोंडाने सांगायची?

शिक्षक मित्रांनो, तुम्हाला तर हा सगळा मामला घरचाच वाटला असेल. नवे पुस्तक, नवी नोंद, नवे प्रशिक्षण तुमच्याकडेही येतच असते. विचारून आलेला बदल आणि लादलेला बदल यांतला फरक तुम्ही रोज अनुभवता. तेव्हा गावात तुमचा शब्द चालतो त्याचा उपयोग करा. सातवी-आठवीच्या मुलांना बिल्ल्याचे बारा आकडे वाचायला आणि घरच्या जनावरांची वही ठेवायला शिकवा. बुळकांडी कशी हटली ती गोष्ट सांगा. गावात लसीविषयी उलटसुलट बोलले जाऊ लागले, तर दवाखान्यातल्या व्रणोपचारकाला किंवा परिचराला शाळेत बोलावून त्याच्याच तोंडून मुलांना खरे काय ते ऐकवा. ज्या माणसाला गावाने कधी दोन शब्द बोलायला सांगितले नाही, तो त्या दिवशी ताठ मानेने घरी जाईल आणि दुसऱ्या दिवशी कामावर निराळ्या उत्साहाने येईल.

2019 आणि 2021 च्या महापुरांत कृष्णाकाठच्या दवाखान्यांना रात्रीतून आपले काम बदलावे लागले. अशा वेळी विचारविनिमयाला सवड नसते, हुकूम पाळावाच लागतो. परंतु एरवीच्या दिवसांत ज्यांनी एकमेकांना विचारून काम केलेले असते, तेच अशा रात्री न बोलता एकमेकांचे मन ओळखतात. तेव्हा पाऊस नसताना, साथ नसताना, दवाखान्यातल्या चौघांनी आठवड्यातून अर्धा तास एकत्र बसावे आणि या आठवड्यात काय अडले तेवढेच एकमेकांना सांगावे. खर्च काही नाही. एक चहा पुरे.